दोन डोळ्यांसाठी रेखाटन

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या एखाद्या जुन्या वडासमोर पाच-सहा हातांवर उभे राहावे आणि मान जराही न हलवता आधी उजवा डोळा मिटून, मग डावा मिटून पारंब्यांकडे पाहावे. जवळची पारंबी मागच्या पारंब्यांवरून सरकल्यासारखी दिसते. डाव्या डोळ्याला ती थोडी उजवीकडे असते, उजव्या डोळ्याला थोडी डावीकडे. दोन्ही डोळे उघडले की हे सरकणे जाणवेनासे होते आणि त्याच्या जागी खोली उभी राहते. कागदावर स्टिरिओ चित्र काढायचे म्हणजे प्रत्येक वस्तूचे हे सरकणे आधी ठरवायचे आणि मग एकाच दृश्याची दोन रेखाटने त्या हिशेबाने मांडायची. वस्तूच्या या आडव्या सरकण्याला मी पुढे ‘सरक’ म्हणणार आहे.

चित्रकलेत आपण ज्याला खोली म्हणतो तिच्याशी या खोलीची गल्लत करू नये. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या संग्रहालयातील राजा रविवर्म्यांची तैलचित्रे पाहताना एक डोळा मिटला, तर त्यांतील खोली कमी होत नाही, उलट किंचित वाढते, कारण दुसरा डोळा कॅनव्हासच्या सपाटपणाची साक्ष देत असतो तो गप्प होतो. तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रांत छायाप्रकाश जवळजवळ नाहीच, तरीही त्यांतील एखादे दृश्य सरक देऊन दोनदा रेखले, तर त्यातल्या आकृती एकमेकींच्या मागे-पुढे स्पष्ट उभ्या राहतात. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोन आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवणारे उपकरण, मांडला तेव्हा छायाचित्रणाची जाहीर घोषणाही व्हायची होती. त्यांनी दाखवलेल्या जोड्या हाताने रेखलेल्या होत्या, आणि त्याही नुसत्या बाह्यरेषांच्या, कारण छटा दिल्या असत्या तर खोलीचे श्रेय कोणीही छटांना दिले असते. नवशिक्याने याच क्रमाने जावे. आधी निव्वळ रेषा घ्याव्यात आणि छटा शेवटी, त्याही जपून.

साहित्य साधे आहे. ए-फोर आकाराचा जाड कागद, एक मिलिमीटरचा आलेख कागद, पाच-सहा ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, गुण्या, टोकदार पेन्सिल आणि बारीक निबेचे पेन एवढे पुरते. कागद आडवा धरून त्यावर एकमेकींना चिकटून दोन चौकटी आखाव्यात, प्रत्येक १२० मिमी रुंद आणि १५० मिमी उंच. हे रेखाटन दुप्पट मापाचे आहे. पूर्ण झाल्यावर झेरॉक्सच्या दुकानात ते पन्नास टक्के लहान करून घ्यायचे, म्हणजे चौकटी ६० मिमी रुंद होतात. दुप्पट काढण्यामागे दोन कारणे आहेत. हाताच्या चुका निम्म्या होतात हे एक, आणि मिलिमीटरच्या खुणांनी काम करूनही छापील चित्रात अर्ध्या मिलिमीटरची सरक मिळते हे दुसरे. चौकट याहून रुंद मात्र घेऊ नये. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास असते आणि दोन चित्रांतील एकाच बिंदूंमधले अंतर त्याहून फार वाढले, तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूस वळावे लागते, जे त्यांना जमत नाही.

काढण्याआधी पाहण्याचा सराव हवा. डावे चित्र डाव्या डोळ्याने आणि उजवे उजव्या डोळ्याने पाहायचे असते. दोन्ही चित्रे शेजारी असलेले कार्ड नाकाजवळ धरून, त्याच्या आरपार दूर कुठेतरी पाहत असल्यासारखी नजर सैल सोडावी आणि कार्ड हळूहळू दूर न्यावे. दोनाची तीन चित्रे दिसू लागतात आणि मधल्यात खोली असते. ज्यांना हे साधत नाही त्यांनी मोबाइलवरच्या त्रिमित चित्रफितींसाठी मिळणारा दोन भिंगांचा पुठ्ठ्याचा खोका आणावा आणि फोनच्या जागी कार्ड बसवावे. मी स्वतः तोच वापरतो, कारण मोकळ्या नजरेने पाहण्याची प्रौढी मिरवण्यापेक्षा चित्रातील चूक लवकर सापडणे महत्त्वाचे आहे. काही जणांना, विशेषतः लहानपणापासून तिरळेपणा असलेल्यांना, अशी खोली मुळीच दिसत नाही; त्यांच्यामागे हट्ट धरू नये. डोके जड झाले की काम थांबवावे.

पहिला अभ्यास वडाचाच करावा, आणि हे मी बडोद्याच्या, म्हणजे वडोदऱ्याच्या, नावाला जागून म्हणत नाही. स्टिरिओ खोली उभ्या कडांवर चालते. आडवी रेषा कितीही डावी-उजवीकडे सरकवली तरी ती स्वतःवरच सरकते, त्यामुळे तिच्या टोकांखेरीज डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून घाटाच्या पायऱ्या हा या कामासाठी वाईट विषय आहे आणि पारंब्या उत्तम. डाव्या चौकटीत आठ पारंब्या काढाव्यात, एकमेकींना न छेदणाऱ्या, असमान अंतरावरच्या आणि असमान जाडीच्या. प्रत्येकीच्या माथ्यावर पेन्सिलीने शून्य ते चार यांपैकी एक आकडा लिहावा. शून्य म्हणजे चौकटीच्याच पातळीवर, चार म्हणजे सर्वांत मागे. आता उजव्या चौकटीत तीच पारंबी तितके मिलिमीटर उजवीकडे काढावी. नियम एवढाच लक्षात ठेवावा की उजव्या चित्रात उजवीकडे सरकलेली वस्तू मागे जाते आणि डावीकडे सरकलेली पुढे येते. चार मिमी ही मर्यादा चौकटीच्या रुंदीचा तिसावा भाग आहे. स्टिरिओ छायाचित्रकारही साधारण याच प्रमाणाला धरून असतात. उभ्या दिशेने मात्र सरक मुळीच नको. एक चित्र दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर वर-खाली झाले तरी डोळे ते ओढून जुळवू पाहतात आणि थकतात, म्हणून टी-स्क्वेअर शेवटपर्यंत हातातून सोडू नये.

माझ्या पहिल्या जोडीत पारंब्या नीट होत्या, पण कापताना चित्रे गेली उलटी, उजवे डावीकडे. मागचे खोड पुढे आले आणि पुढची पारंबी खोडात घुसली. तेव्हापासून कागदाच्या पाठीवर ‘डा’ आणि ‘उ’ ही अक्षरे मी पहिली रेष ओढण्याआधी लिहितो.

पूर्ण दृश्यासाठी मी बडोद्यातला सुरसागर तलाव निवडला, कारण त्यात थर आयतेच पडलेले आहेत: काठाचा कठडा, पाणी, तलावाच्या मध्यावरची १११ फुटांची उभी शिवमूर्ती, पलीकडच्या काठावरच्या इमारती आणि त्यावर आकाश. रेखाटनाआधी खोलीचा तक्ता करावा. माझा असा होता: कठडा ०, मूर्ती २, पलीकडच्या इमारती ३, ढग ४. मग प्रत्येक थर वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढावा आणि डाव्या चौकटीवर सगळे एकावर एक ठेवून, पुढच्या थराने झाकलेले भाग सोडून देऊन, खिडकीच्या काचेवर उजेडात गिरवावे. उजव्या चौकटीसाठी तेच कागद तक्त्याप्रमाणे उजवीकडे सरकवून पुन्हा गिरवावे. थर सरकल्यावर दोन ठिकाणी पोकळी पडते. एक, मूर्तीच्या लगेच उजवीकडे, जिथे डाव्या चित्रात झाकलेली इमारतीची अरुंद पट्टी आता उघडी होते. उजवा डोळा वस्तूच्या उजव्या बाजूने थोडे अधिक मागचे पाहतो, हे त्याचे कारण. दुसरी, चौकटीच्या डाव्या कडेला, जिथे मागचे थर आत सरकल्याने जागा रिकामी राहते. म्हणून मागचा प्रत्येक थर पुढच्या वस्तूच्या पाठीमागूनही अखंड काढलेला असावा आणि चौकटीच्या डावीकडे पाच मिमी बाहेर गेलेला असावा. हे न केल्यास ऐन गिरवताना तपशील सुचेल तसे भरावे लागतात आणि ते डाव्या चित्राशी विसंगत होतात.

थरांच्या पद्धतीत पाणी बसत नाही, कारण पाणी हा थर नाही. ते पायापासून दूरपर्यंत पसरलेले सपाट पृष्ठ आहे. इथे भूमिती आपल्या मदतीला येते. जमीन किंवा पाणी यांसारख्या आडव्या पृष्ठावरील बिंदू चित्रात क्षितिजाच्या जितके जवळ, तितका तो दूर असतो, आणि त्याची सरक चित्रातल्या उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. मी क्षितिज तळापासून ८० मिमीवर धरले आणि तिथे सरक ४ ठेवली, म्हणजे दर २० मिमी उंचीला एक मिलिमीटर. पाण्यावरची प्रत्येक खूण, तरंगणारे पान असो की निर्माल्य, आपल्या उंचीप्रमाणे सरकते. व्यवहारात याचा अर्थ असा की डाव्या चित्रातील पाण्यावरची उभी रेष उजव्या चित्रात उजवीकडे कलते, पण सरळच राहते. एका तिरप्या आखणीच्या आधारे सगळे पाणी गिरवून निघते. लाटांच्या लांब आडव्या रेषा टाळाव्यात. त्या खोली सांगत नाहीत हे वर आलेच आहे. तुटक, आखूड, दोन्ही टोके ठळक असलेल्या रेघा चालतात.

यावरून मूर्तीची जागाही ठरते. चौथऱ्याची पाण्याला टेकणारी कड तळापासून ४० मिमीवर असेल, तर तिथल्या पाण्याची सरक २ आहे आणि मूर्तीची सरकही २ हवी. पहिल्या प्रयत्नात मी मूर्ती थोडी भारदस्त वाटावी म्हणून तिला १ दिली होती. साध्या डोळ्यांना रेखाटन निर्दोष दिसत होते, आणि भिंगांतून पाहिले तर चौथरा पाण्यापासून सुटून अधांतरी माझ्याकडे आला होता. टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूची सरक टेकण्याच्या बिंदूवरून घ्यायची, मनाने नाही.

प्रतिबिंबाबाबत बहुतेक जण चुकतात, आणि माझ्या मते हे काम करण्यातला सर्वांत मोठा आनंदही तिथेच आहे. चित्रात प्रतिबिंब पाण्यावर पडलेले असते, म्हणून त्याला पाण्याची सरक द्यावी असे वाटते. पण आरशातील प्रतिमा जशी आरशाच्या काचेवर नसून मागे तितक्याच अंतरावर असते, तशी मूर्तीची प्रतिमा पाण्याच्या पृष्ठावर नसून खाली, मूर्तीइतक्याच अंतरावर उलटी उभी असते. तेव्हा चौथऱ्यापासून आपल्याकडे येणाऱ्या संपूर्ण प्रतिबिंबाची सरक २ च राहते, तर त्याच जागी पाण्यावर तरंगणाऱ्या पानाची सरक २ पासून शून्याकडे उतरत जाते. दोन्ही योग्य दिले की पान वर तरंगते आणि मूर्तीचे मस्तक त्याच्या खाली खोल कुठेतरी दिसते; पाणी पारदर्शक आहे हे दाखवायला एकही छटा लागत नाही. सपाट चित्रात हा परिणाम साधायला रंगाचे हात वर हात द्यावे लागतात. इथे तीन-चार पाने पुरतात, मात्र ती प्रतिबिंबाच्या आकृतीला छेदणारी असावीत.

थर लावून काढलेल्या चित्रात एक दोष ठरलेला असतो. अंतरे दिसतात, पण प्रत्येक वस्तू गणपतीच्या आराशीतल्या पुठ्ठ्याच्या देखाव्यासारखी कापून उभी केलेली वाटते. उपाय असा की मुख्य वस्तूच्या आतही सरक बदलावी. मूर्तीच्या बाह्यकडा २ वर ठेवून छातीवरची आणि चेहऱ्यावरची मधली रेघ दीडवर आणावी, पुढे आलेला हात आणखी किंचित पुढे घ्यावा. गोल खांबासाठी एवढेच पुरे की कडा तशाच ठेवून मधल्या उभ्या रेघा अर्धा मिमी डावीकडे काढायच्या. ट्रेसिंग सरकवून हे होत नाही, हातानेच काढावे लागते, आणि दुप्पट मापाचा उपयोग इथे सर्वांत जास्त कळतो. दूरच्या इमारतींवर ही मेहनत करू नये. तलावापलीकडची घुमटाची गोलाई प्रत्यक्षातही आपल्या दोन डोळ्यांना वेगळी दिसत नाही.

कठड्याने मला वेगळाच धडा दिला. त्याच्या गजांमधली अंतरे अगदी समान असल्यामुळे डोळे कधी एका गजाची जोडी शेजारच्या गजाशी लावत आणि सगळा कठडा एकदम फूटभर मागे गेल्यासारखा दिसे. वारंवार येणाऱ्या नक्षीची ही फसगत स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंतीवरच्या नक्षीदार कागदात पूर्वीच टिपली होती, आणि दृष्टिविज्ञानाचे अभ्यासक ख्रिस्तोफर टायलर यांनी १९७९ मध्ये दाखवलेली एकाच प्रतिमेतली स्टिरिओ चित्रे याच फसगतीचा शिस्तबद्ध उपयोग करतात. आपल्याला ती नको असेल तर एखाद्या गजावर गंज दाखवावा, एखादा वाकवावा, मध्ये कोणाची तरी वाळत घातलेली ओढणी टाकावी.

चौकटीच्या पुढे यायचा मोह प्रत्येकाला होतो. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, आकाश पतंगांनी भरलेले असते, तेव्हा मी एक कटलेला पतंग उजव्या चित्रात एक मिमी डावीकडे सरकवून चौकटीबाहेर आणला. तो चांगला दिसला, कारण तो चारही कडांपासून सुटा होता. चौकटीच्या बाजूच्या कडेने कापलेली वस्तू पुढे आणली, तर सरक सांगते की ती पुढे आहे आणि कापलेली कड सांगते की ती मागे आहे, आणि या भांडणात चित्र फाटते. मांज्यासकट पतंग काढायचा झाल्यास खाली उतरताना मांज्याची सरक हळूहळू बदलत न्यावी लागते. मी म्हणूनच कटलेला घेतला.

छटा द्यायच्याच असतील तर हॅचिंगची, म्हणजे छटेसाठी जवळजवळ ओढलेल्या रेघांतली, प्रत्येक रेघ दोन्ही चित्रांत तीच आणि त्याच सरकेची असावी लागते. एखादा भाग एका चित्रात गडद आणि दुसऱ्यात फिका राहिला, तर तिथे धातूसारखी लकाकी दिसते, कारण दोन डोळ्यांकडून आलेल्या वेगळ्या उजेडाचा मेळ मेंदूला लागत नाही. सुरसागरच्या मूर्तीवर आता सोन्याचा मुलामा आहे, म्हणून तिच्या खांद्यावरचा एक लहान तुकडा मी मुद्दाम डाव्या चित्रात काळा आणि उजव्यात कोरा ठेवला. एका ठिकाणी हे शोभते, चार ठिकाणी डोळ्यांना टोचते.

लाल-निळ्या चष्म्याची पद्धत, म्हणजे अ‍ॅनाग्लिफ, ज्यांना हवी असेल त्यांनी दोन्ही रेखाटने एकाच कागदावर एकमेकांवर काढावीत. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रोलमन यांनी १८५३ मध्ये मांडली होती. डाव्या डोळ्यावर लाल जिलेटिन कागद असेल, तर डाव्या डोळ्याचे चित्र निळसर-हिरव्या शाईने काढायचे आणि उजव्याचे लालने, कारण लाल काचेतून लाल रेष पांढऱ्या कागदात विरून जाते आणि निळसर रेष काळी दिसते. इथे गडबड होतेच, म्हणून हाती असलेल्या प्रत्येक रंगीत पेन्सिलीचा एक पट्टा कागदावर ओढून चष्म्याच्या दोन्ही बाजूंनी तपासावा आणि जी सर्वांत स्वच्छ नाहीशी होते तीच घ्यावी. फिकट गुलाबी-लाल आणि आकाशी हे शाळकरी रंग बहुधा गडद रंगांपेक्षा बरे ठरतात. निळसर रेष लालच्या उजवीकडे असेल तर वस्तू पुढे, डावीकडे असेल तर मागे. या पद्धतीत चित्र भिंतीवर टांगण्याइतके मोठे करता येते, पण रंगांना मुकावे लागते, आणि ही अदलाबदल मला महाग वाटते.

मोठे आणि रंगीत दोन्ही हवे असेल, तर व्हीटस्टन यांच्याकडेच परतावे लागते: नाकासमोर काटकोनात जोडलेले दोन छोटे आरसे आणि दोन बाजूंना उभी केलेली चित्रे. आरसे प्रतिमा उलटवतात, म्हणून दोन्ही रेखाटने ट्रेसिंग पेपरच्या पाठीवरून गिरवावीत आणि चित्रे आरशांपासून अगदी समान अंतरावर ठेवावीत. ए-थ्री आकाराचा सुरसागर मी असाच उभा केला आहे. त्यासाठी जेवणाचे टेबल दोन दिवस अडले होते.

छोट्या कार्डासाठी शेवटचे काम कापण्याचे आहे. झेरॉक्सची प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवताना खळ कमी लावावी, कारण ओला कागद एका दिशेला जास्त ताणला जातो आणि इतक्या कष्टाने जपलेली आडवी पातळी बिघडते. चिकटवल्यावर दोन्ही चौकटींचे खालचे कोपरे पुन्हा एकदा टी-स्क्वेअर लावून तपासावेत, आणि मगच पुठ्ठा कापावा.